गणिताची चिन्हे वाचावी कशी: शाळेच्या वहीपासून सातबाऱ्यापर्यंत

गणिताचे पुस्तक उघडल्यावर बहुतेक विद्यार्थी समोरची ओळ वाचत नाहीत. तिच्यातले आकडे उचलतात आणि लगेच आकडेमोडीला लागतात. यवतमाळकडच्या खेड्यांतील मुलांना गणित शिकवत असताना माझे ठाम मत झाले आहे की, सातवी-आठवीनंतर ज्यांचा हा विषय सुटतो, त्यांपैकी पुष्कळांचे पाढे कच्चे नसतात आणि बुद्धीही कमी नसते. चिन्हांशी त्यांची ओळख तेवढी अर्धवट राहिलेली असते. ‘अधिक’, ‘उणे’, ‘गुणिले’, ‘भागिले’ ही नावे तोंडपाठ असतात, परंतु समोरच्या ओळीत ते चिन्ह नेमके काय सांगत आहे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. पुढील मार्गदर्शन या मुलांसाठी आहे आणि तितकेच त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे, कारण सातबाऱ्यावर, खताच्या बॅगेवर, बाजार समितीच्या पावतीवर आणि कर्जाच्या कागदावर हीच चिन्हे असतात.

आरंभी एकच सवय लावून घ्यावी. कोणतीही ओळ सोडवण्यापूर्वी ती मराठीतले पूर्ण वाक्य करून मोठ्याने वाचावी. ‘क्ष + ५ > १२’ ही ओळ ‘क्ष अधिक पाच, मोठे, बारा’ अशी वाचली तर हाती काही लागत नाही. ‘एका संख्येत पाच मिळवले असता येणारी बेरीज बारापेक्षा जास्त आहे’ अशी वाचली की ती संख्या सातपेक्षा मोठी असली पाहिजे, हे कागद-पेन्सिलीवाचून कळते. (क्रमिक पुस्तकात अशा ठिकाणी इंग्रजी ‘एक्स’ छापलेला असतो, येथे सर्वत्र ‘क्ष’ लिहिला आहे.) वाक्य जिथे अडेल तिथले चिन्ह आपल्याला कळलेले नाही असे समजावे, त्याभोवती पेन्सिलीने गोल करावा आणि दोन गोष्टी पाहाव्यात: चिन्हाच्या दोन्ही बाजूंना काय आहे, आणि ही ओळ कोणी व कशासाठी लिहिली आहे. यातला दुसरा प्रश्न शाळेत सहसा विचारला जात नाही, परंतु शाळेबाहेर तोच अधिक उपयोगी पडतो.

बरोबरचे चिन्ह

सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत कमी समजलेले चिन्ह ‘=’ हे आहे. पहिलीपासून मूल ‘३ + २ =’ असे पाहते आणि पुढे उत्तर लिहिते; त्यामुळे ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी त्याची समजूत पक्की होते. ही समजूत तपासायची असेल तर मुलाला ‘८ + ४ = □ + ५’ हे उदाहरण द्यावे. चौकटीत १२ लिहिले गेले तर मुलाने चिन्हाला हुकूम मानले. ७ लिहिले तर त्याने चिन्ह वाचले. डाव्या बाजूला जेवढे आहे तेवढेच उजव्या बाजूला आहे, एवढेच हे चिन्ह सांगते. कोणती बाजू प्रश्नाची आणि कोणती उत्तराची, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वेल्समध्ये जन्मलेले रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे चिन्ह प्रथम वापरले आणि सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघाच का निवडल्या, याचे कारणही तिथेच दिले: याहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू असू शकत नाहीत.

हा अर्थ मनात पक्का असला की समीकरणे सोपी होतात. समीकरण सोडवताना दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांसमोर ठेवावा. काटा मध्यावर राहायचा असेल तर एका पारड्यातून जे काढले ते दुसऱ्यातूनही काढावे लागते. ‘क्ष + ५ = १२’ मध्ये दोन्ही बाजूंतून ५ काढले की क्ष = ७ उरते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम याच कृतीचा संक्षेप आहे, आणि कारण न सांगता तो मुलांकडून पाठ करून घेणे मला अयोग्य वाटते. असा पाठ केलेला नियम ‘५क्ष = २०’ समोर आले की घात करतो; मूल ५ पलीकडे नेते, चिन्ह बदलते आणि क्ष = २० − ५ असे लिहून मोकळे होते.

याच चिन्हाचा एक गैरवापर घरच्या हिशेबातही सर्रास दिसतो. सकाळी ३२ किलो आणि दुपारी २८ किलो कापूस वेचला, वेचणीचा दर समजा किलोला ७ रुपये; तर वहीत ‘३२ + २८ = ६० × ७ = ४२०’ असे लिहिले जाते. शेवटचा आकडा योग्य आहे, पण ओळ खोटी आहे, कारण ती ‘३२ आणि २८ यांची बेरीज ४२० आहे’ असे म्हणते. किलो आणि रुपये एकाच ओळीत बरोबरीला बसले, हे मोठ्याने वाचताच कानाला खटकते. येथे दोन ओळी कराव्यात: ३२ + २८ = ६० किलो; ६० × ७ = ४२० रुपये.

‘≠’ म्हणजे समान नाही, आणि ‘≈’ म्हणजे जवळपास तेवढे. हे दुसरे चिन्ह शाळेत फार कमी वापरले जाते, आणि त्याचे परिणाम पायचा, म्हणजे π चा, विषय निघाला की दिसतात. त्याकडे पुढे येतो.

एक चिन्ह, अनेक कामे

तिरकी रेघ घ्या. गणिताच्या पुस्तकात ३/४ म्हणजे तीन भागिले चार, अर्थात पाऊण. सातबाऱ्याच्या नावातल्या ७/१२ मध्ये मात्र कशालाही कशाने भागलेले नाही. गाव नमुना सात, म्हणजे मालकी आणि इतर हक्कांचा अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, हे दोन नमुने एकत्र छापलेले असतात म्हणून ती रेघ आहे. गट क्रमांक ४५/२ म्हणजे साडेबावीस नव्हे. पंचेचाळीस क्रमांकाच्या गटाचा दुसरा हिस्सा. आणि १५/८/१९४७ ही तारीख आहे. रेघ तीच, पण लिहिणारा बदलला की तिचे काम बदलते, म्हणूनच ‘ही ओळ कोणी व कशासाठी लिहिली’ हा प्रश्न विचारायचा.

सातबाऱ्यावरच आणखी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तेथील टिंब शेतकऱ्याच्या जमिनीशी निगडित आहे. क्षेत्राच्या रकान्यावर ‘हे. आर. चौ.मी.’ असे लिहिलेले असते आणि खाली १.६२.०० असा आकडा असतो. एका संख्येत दोन दशांश चिन्हे असू शकत नाहीत. येथील टिंबे हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांचे रकाने वेगळे करतात. म्हणजे ही जमीन १ हेक्टर ६२ आर आहे, सुमारे चार एकर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर आणि शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर असल्यामुळे पहिले टिंब योगायोगाने दशांश चिन्हासारखेही चालते आणि १.६२ हेक्टर म्हटले तरी चूक होत नाही. गोंधळ होतो तो शून्य गाळल्यावर. १.०५ म्हणजे १ हेक्टर ५ आर, १.५० म्हणजे १ हेक्टर ५० आर. या दोहोंत ४५ आरांचा, म्हणजे एकरापेक्षा जास्त जमिनीचा फरक आहे. तोंडी सांगताना ‘एक पॉइंट पाच’ म्हणणारे दोन्ही अर्थांनी म्हणतात. म्हणून अर्जात क्षेत्र भरताना टिंबापुढे नेहमी दोन अंक लिहावेत आणि शेजारी ‘हे. आर’ असे एकक लिहावे.

गुणाकाराच्या चिन्हाचेही असेच आहे. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, लागवड ‘३ × २ फूट’ अंतरावर करावी असे लिहिलेले असते आणि आपण ‘तीन बाय दोन’ असे वाचतो; दोन ओळींत तीन फूट आणि दोन झाडांत दोन फूट अंतर, असा त्याचा अर्थ. परंतु या ठिकाणी गुणाकारही खरोखरच उपयोगाचा आहे. ३ × २ = ६ चौरस फूट ही एका झाडाच्या वाट्याला येणारी जागा आहे, आणि एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट असल्याने ४३,५६० ÷ ६ = ७,२६० झाडे एकरात बसतात. वावरातला हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. क्षेत्रफळाचे सूत्र त्यानंतर पाठ करून घ्यावे लागत नाही.

दोन टिंबांचे, म्हणजे गुणोत्तराचे चिन्ह खताच्या बॅगेवर फसवे होते. गवंडी सिमेंट-रेतीचा माल १:६ सांगतो तेव्हा ते खरे गुणोत्तर असते: एक घमेले सिमेंट तर सहा घमेली रेती, किंवा दोन तर बारा. गुणोत्तरात दोन्ही संख्यांना एकाच संख्येने भागले तरी अर्थ बदलत नाही. आता १९:१९:१९ हे खत पाहा. गुणोत्तर म्हणून ते १:१:१ झाले, आणि १५:१५:१५ सुद्धा १:१:१ च झाले. मग दोन्ही खते सारखीच का? नाही. बॅगेवरील आकडे हे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के असतात. पहिल्या खताच्या १०० किलोत प्रत्येक अन्नद्रव्य १९ किलो आहे, दुसऱ्याच्या १०० किलोत १५ किलो. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या बॅगेत याच हिशेबाने ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असते. म्हणून बॅगेवरील दोन टिंबे ‘ला’ अशी वाचू नयेत. ‘शंभरात दहा, शंभरात सव्वीस, शंभरात सव्वीस’ असे वाचावे आणि मगच दोन बॅगांच्या किमतीची तुलना करावी.

उणे चिन्ह तीन कामे करते. ९ − ४ मध्ये ते वजाबाकी सांगते; −४ मध्ये संख्या शून्याच्या खालची आहे असे सांगते; आणि ‘एकरी १०-१२ क्विंटल’ मध्ये ते गणिताचे चिन्हच नसते, ‘ते’ या शब्दाची जागा घेते. पहिल्या दोन कामांचा संबंध ब्रह्मगुप्त यांनी ६२८ मध्ये धन आणि ऋण या शब्दांनी फार नेमका दाखवला आहे: जवळ असलेले ते धन, देणे असलेले ते ऋण. ‘५ − (−३)’ मध्ये दोन उणे मिळून अधिक का होते, हे विचारणाऱ्या मुलाला सांगावे की, तुझ्यावरचे तीन हजारांचे देणे कोणी वजा केले, म्हणजे माफ केले, तर तू तीन हजारांनी वरच आलास.

चिन्हच नसते तेव्हा

पुस्तकात न छापलेली चिन्हे मुलांना सर्वांत जास्त छळतात, आणि याबद्दल वर्गात पुरेसे बोलले जात नाही. दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या आणि मध्ये काहीही नसले तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. २५ मध्ये २ आणि ५ शेजारी आहेत. तेथे स्थानिक किंमत चालते, २ म्हणजे वीस. २क्ष मध्ये २ आणि क्ष शेजारी आहेत. तेथे गुणाकार आहे, म्हणून क्ष ची किंमत ५ असेल तर २क्ष म्हणजे १०, पंचवीस नव्हे. आणि २ १/२ मध्ये पूर्णांक व अपूर्णांक शेजारी आहेत; तेथे बेरीज आहे, दोन अधिक अर्धा, म्हणजे अडीच. जे मूल या तिसऱ्या ठिकाणी गुणाकार करते त्याचे उत्तर एक येते, आणि त्याला आपण काय चुकलो हे कळत नाही, कारण त्याने दुसऱ्या ठिकाणचा नियम प्रामाणिकपणे लावलेला असतो. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द मात्र त्याला घरातून येत असतात. मिश्र अपूर्णांक या शब्दांनी वाचायला सांगितले की ही अडचण निघून जाते.

अक्षरांशेजारी गुणाकाराचे चिन्ह न लिहिण्यामागे सोयीचे कारण आहे. विल्यम ऑट्रेड यांनी १६३१ मध्ये ‘×’ रूढ केले, परंतु ते इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखे दिसते म्हणून लाइब्निझ यांना ते पसंत नव्हते आणि ते टिंब वापरत. आजही पुस्तकात अ·ब किंवा नुसते अब दिसले तर ते अ गुणिले ब असेच वाचावे.

अक्षरांना घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला हेही सांगावे की, अज्ञात संख्येसाठी अक्षर लिहिणे ही आपल्याकडचीही जुनी रीत आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत आणि ‘या’ असे लिहीत. दुसरी लागली तर कालक म्हणून ‘का’, तिसरी नीलक म्हणून ‘नी’. आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत.

आधी काय, नंतर काय

पदावली सोडवण्याच्या क्रमासाठी आपल्या शाळांत ‘कंचेभागुबेव’ पाठ करून घेतात: कंस, चे (‘२० चे १/२’ मधला, म्हणजे गुणाकारच), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ही युक्ती उपयोगी आहे, पण ती अक्षरशः लावली तर चूक शिकवते. १० − ४ + ३ हे उदाहरण घ्या. ‘बेरीज आधी’ म्हणून ४ + ३ = ७ केले तर उत्तर ३ येते; योग्य उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी या एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून उजवीकडे येतील तशा करायच्या असतात. भागाकार आणि गुणाकार यांचेही तसेच. म्हणून मी क्रम चार पायऱ्यांत सांगतो: प्रथम कंस, मग घात आणि ‘चे’, मग भागाकार-गुणाकार डावीकडून, मग बेरीज-वजाबाकी डावीकडून.

कंसाचे काम ‘हे एकत्र धरा’ असे सांगण्याचे आहे. आडवी भागाकाराची रेघ आणि वर्गमूळाच्या चिन्हाची वरची लांब रेघ हीसुद्धा कंसाचेच काम करतात. रेघेखाली ९ + १६ पूर्ण आले असेल तर आधी बेरीज करायची, √(९ + १६) = √२५ = ५; रेघ ९ वरच संपली असेल तर √९ + १६ = १९. म्हणून वहीत ती रेघ पट्टीने आणि नेमकी जिथपर्यंत हवी तिथपर्यंतच ओढावी. घाताच्या बाबतीतही हेच: (−३)² म्हणजे ९, पण कंसाशिवाय −३² म्हणजे −९, कारण घात फक्त ३ ला चिकटलेला आहे.

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरचीही येथे नोंद घ्यावी. त्यावर ६ + ४ ÷ २ असे ओळीने दाबले तर उत्तर ५ येते, कारण ते यंत्र आलेली क्रिया लगेच उरकते. मोबाइलवर तेच दाबले तर ८ येते, कारण तेथे क्रम पाळला जातो. यंत्र बिघडलेले नाही. आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

‘पर्यंत’, ‘किमान’ आणि ‘पेक्षा जास्त’

‘<’ आणि ‘>’ यांची उघडी बाजू मोठ्या संख्येकडे असते, एवढे मुलांना येते. अवघड आहे ते शब्दांवरून चिन्ह निवडणे. ‘किमान’ या शब्दात कमीचा भास असल्यामुळे विद्यार्थी ‘<’ लिहितात, आणि नेमके उलटे होते. किमान १८ म्हणजे १८ किंवा त्याहून जास्त, म्हणून ‘≥’. कमाल किंवा जास्तीत जास्त म्हणजे तेवढे किंवा त्याहून कमी, म्हणून ‘≤’. ‘पर्यंत’ या शब्दात शेवटची संख्या धरलेली असते, ‘पेक्षा कमी’ मध्ये ती धरलेली नसते. चिन्हाखालची ती एक लहान रेघ हाच फरक दाखवते.

हे परीक्षेपुरते नाही. मतदानासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत: वय ≥ १८. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्क्यांपर्यंत असते: ओलावा ≤ १२, म्हणजे नेमका १२ टक्के ओलावा असलेला माल मर्यादेत बसतो. अतिवृष्टीच्या निकषात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस असे म्हटलेले असते: पाऊस > ६५, म्हणजे नेमके ६५ पुरत नाहीत. कोणत्याही योजनेचा निकष वाचताना प्रथम ही चिन्हे समासात पेन्सिलीने लिहावीत आणि मग आपला आकडा त्यांत ठेवून पाहावा.

एक नियम मात्र कारणासकट लक्षात ठेवावा. असमानतेच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते. ३ < ५ आहे. पण तीन हजारांचे देणे असणारा पाच हजारांचे देणे असणाऱ्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो, म्हणून −३ > −५.

टक्का कशाचा?

‘%’ म्हणजे शंभरातले. पण कशाच्या शंभरातले आणि किती काळात, हे चिन्ह स्वतः सांगत नाही. बँकेच्या कागदावर ‘द.सा.द.शे.’ असते, दर साल दर शेकडा. गावात उसनवारीत ‘दोन रुपये शेकडा’ म्हणतात तेव्हा तो दर बहुधा महिन्याचा असतो. दहा हजार रुपयांवर द.सा.द.शे. २ ने वर्षाचे व्याज २०० रुपये, आणि दरमहा शेकडा २ ने २,४०० रुपये. म्हणजे हा दर द.सा.द.शे. २४ झाला. सरळव्याजाचे सूत्र, मुद्दल × दर × मुदत ÷ १००, वापरताना दर वर्षाचा असेल तर मुदतही वर्षांतच लिहावी लागते. सहा महिने असतील तर ६ नव्हे, १/२.

दुसरी गोष्ट: १० टक्के वाढ आणि नंतर १० टक्के घट झाली म्हणजे भाव जागेवर येत नाही. समजा भाव ७,००० होता. वाढून ७,७०० झाला. आता घट ७,७०० ची मोजायची, ७७० ची. भाव ६,९३० वर येतो.

घात, मूळ आणि पाय

घातांक म्हणजे पाया स्वतःशीच किती वेळा गुणायचा हे सांगणारी, वर उजवीकडे लिहिलेली लहान संख्या. ५² म्हणजे ५ × ५; ५ × २ नव्हे. वर्गमूळ ही उलट क्रिया आहे, मात्र ‘√’ हे चिन्ह ऋण नसलेलेच मूळ दाखवते. √९ = ३ एवढेच. क्ष² = ९ असे समीकरण असेल तर मात्र क्ष च्या दोन किमती येतात, ३ आणि −३, आणि त्या एकत्र ±३ अशा लिहितात. घराचा पाया आखताना गवंडी एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि दोन खुणांमधील अंतर नेमके ५ फूट आले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असे म्हणतो; ३² + ४² = ५² ही ओळ त्याच्या दोरीतच असते.

आता पाय, म्हणजे π. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की जी संख्या येते तिचे हे नाव आहे. विल्यम जोन्स यांनी १७०६ मध्ये हे अक्षर या अर्थाने वापरले आणि ऑयलर यांच्यामुळे ते रूढ झाले. शाळेत ‘π = २२/७’ असे लिहिण्याची सवय लागते, ती सोडली पाहिजे. २२/७ म्हणजे ३.१४२८…, आणि π म्हणजे ३.१४१५…, दोन्ही समान नाहीत, म्हणून π ≈ २२/७ असे लिहावे. आर्यभटांनी ४९९ मध्ये वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळचा आहे, असे त्याच श्लोकात स्पष्ट म्हटले. वीस फूट व्यासाच्या विहिरीला तोच आकडा लावला तर परीघ सुमारे ६२.८ फूट येतो, आणि कठड्याच्या विटा मोजायला एवढी अचूकता पुरेशी आहे.

नववी-दहावीत भेटणारी काही चिन्हे

भूमितीतील चिन्हे म्हणजे बहुतेक संक्षेपच आहेत: ∠ कोन, △ त्रिकोण, ⊥ लंब, ∥ समांतर, ∴ म्हणून, ∵ कारण. ‘≅’ म्हणजे एकरूप, आकार आणि माप दोन्ही सारखे. ‘~’ म्हणजे समरूप, आकार सारखा, माप वेगळे असू शकते. △अबक ~ △पफम असे लिहिताना अक्षरांचा क्रम महत्त्वाचा असतो, कारण अ ची जोडी प शी, ब ची फ शी आणि क ची म शी आहे असे तो क्रमच सांगतो.

संचांमध्ये ‘∈’ म्हणजे चा घटक आहे, ‘∪’ म्हणजे दोहोंपैकी निदान एकात असलेले सर्व, ‘∩’ म्हणजे दोहोंतही असलेले. समजा एका गावात कापूस लावणारी ६० कुटुंबे आहेत, तूर लावणारी ४५, आणि कापसात तुरीच्या ओळी घेऊन दोन्ही पिके काढणारी ३०. मग ‘∪’ मध्ये ६० + ४५ − ३० = ७५ कुटुंबे येतात; दोन्ही पिकांची कुटुंबे दोनदा मोजली गेली होती, ती एकदा वजा केली.

‘Σ’ हे ग्रीक अक्षर सिग्मा आहे; त्याच्यापुढे जे लिहिले असेल त्या सर्वांची बेरीज करा, एवढेच ते सांगते. तीन वेच्यांत ४, ६ आणि ३ क्विंटल कापूस निघाला तर क₁ = ४, क₂ = ६, क₃ = ३ आणि Σक = १३. खालचे लहान अंक गुणायचे नसतात, ते वेच्याचा क्रमांक सांगतात. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असेल तर तो मध्य, म्हणजे सरासरी.

प(क्ष) असे दिसले तर प गुणिले क्ष असे वाचू नये. ही क्ष वर अवलंबून असलेली पदावली आहे. प(क्ष) = क्ष² + २ असेल तर प(३) म्हणजे क्ष च्या जागी ३ ठेवून ३² + २ = ११. ५! म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०; येथे उद्गार नाही.

सूत्रात अनोळखी चिन्ह आले आणि विचारायला जवळ कोणी नसले, तर पुस्तकातले सोडवलेले सर्वांत लहान उदाहरण घ्यावे, त्यातील अक्षरांच्या जागी आकडे ठेवावेत, आणि उत्तर जुळेपर्यंत त्या चिन्हाचे कोणते वाचन बसते ते पाहावे. असे शोधून काढलेले चिन्ह विसरले जात नाही.

मोबाइलवरून गणित पाठवताना मात्र लिहिणाऱ्यानेच जास्त काळजी घ्यावी. तेथे गुणाकारासाठी ‘*’, भागाकारासाठी ‘/’ आणि घातासाठी ‘^’ वापरतात, आणि सगळे एकाच ओळीत येते, त्यामुळे वहीतल्या आडव्या रेघेचे काम कंसाला करावे लागते. ‘क्ष अधिक एक, या सर्वाला दोनने भागले’ असे म्हणायचे असेल तर (क्ष + १)/२ असेच लिहावे. कंस गाळून क्ष + १/२ पाठवले, तर वाचणारा विद्यार्थी फक्त एकाला दोनने भागेल, आणि त्याचे ते वाचन नियमाने योग्यच असेल.